एक किलोच्या वाद्याची गवसणी

तंबोरा मैफलीच्या जागी पोहोचला, की स्वर लागण्याआधी त्याची गवसणी उतरते. कापडाच्या दोन थरांत कापूस घालून शिवलेली ही खोळ आपल्या इतकी ओळखीची, की ‘आकाशाला गवसणी घालणं’ हा वाक्प्रचारही तिच्यावरच बेतलेला आहे. जे कशातच मावणार नाही त्याला खोळ शिवायला निघणं, असा त्याचा रोख. गवसणी जाड आहे का, यापेक्षा ती बेताची आहे का हा प्रश्न आधीचा, हे भाषेने केव्हाच ओळखलं आहे. मँडोलिनसाठी केस घ्यायला गेलेला माणूस मात्र दुकानात तिच्यावर बोटांनी टकटक करतो, झाकण दाबून बघतो आणि ‘मजबूत आहे ना?’ असं विचारतो. या प्रकरणाचा मुद्दा असा, की ही टकटक चुकीच्या जागी होते. वाद्य वाचतं ते भिंत आणि वाद्य यांच्यामध्ये राखलेल्या अंतरामुळे. भिंतीचं काम ते अंतर टिकवून ठेवण्यापुरतं असतं. अंतराला वजन नसतं आणि किंमतही फारशी पडत नाही, म्हणूनच हलकी, परवडणारी आणि तरीही भरवशाची केस मिळणं शक्य आहे. शब्दांची एक अडचण आधीच मिटवून टाकू. संगीताच्या गप्पांत ‘पेटी’ म्हटलं की हार्मोनियम समोर येतो आणि ‘केस’ म्हटलं की डोक्यावरचे. तरी वादकांच्या तोंडी केस हाच शब्द आहे, म्हणून कडक कवचाची ती केस आणि कापडाची ती बॅग, असं इथे धरू.

मँडोलिन हे लहान चणीचं वाद्य. लांबी साधारण 70 सेंटिमीटर, वजन एक किलोच्या आसपास, तारांच्या चार जोड्या आणि त्यांचे स्वर व्हायोलिनसारखेच लावलेले. त्याची मूळ भूमी इटलीतलं नेपल्स. तिथलं जुन्या घाटाचं मँडोलिन पाठीला गोल असतं. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्याची वाटी तयार करतात. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन यांनी 1898 मध्ये वेगळ्या घडणीचं पेटंट घेतलं आणि व्हायोलिनप्रमाणे कोरलेल्या तबलीचं (म्हणजे वरच्या फळीचं), जवळपास सपाट पाठीचं मँडोलिन रूढ झालं. त्यातला साधा, थेंबाच्या आकाराचा ए घाट आणि वेलांटी व टोकं असलेला एफ घाट आज जगभर दिसतो. आपल्याकडे हे वाद्य मुख्यतः चित्रपटसंगीतातून घराघरांत पोहोचलं. संगीतकार सज्जाद हुसेन नावाजलेले मँडोलिनवादक होते आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर यांची सुरुवातही मँडोलिन वाजवण्यानेच झाली. दक्षिणेत यू. श्रीनिवास (1969–2014) यांनी विजेवरच्या मँडोलिनला कर्नाटक संगीतात मानाचं स्थान मिळवून दिलं. केसच्या दृष्टीने या घाटांची मागणी वेगवेगळी आहे. गोल पाठीच्या मँडोलिनला खोल, वाटीचा आकार धरणारी जागा लागते. ती नसेल तर ते आतल्या आत लवंडत राहतं. एफ घाटाची नाजूक टोकं आधी टेकतात आणि आधी तुटतात. पोकळ पोट नसलेल्या विजेच्या मँडोलिनला तबली दबण्याची भीती जवळपास नसते. ‘मँडोलिनची केस’ या नावाने येणारी प्रत्येक केस आपल्या मँडोलिनची असेलच असं नाही, ते यामुळे.

केसने वाद्याला कशापासून वाचवायचं, हे ठरवायचं तर वाद्य कुठे मोडतं ते बघायला हवं. मँडोलिनच्या आठ तारा मिळून वाद्यावर 70 ते 85 किलोचा ताण असतो; एक किलोचं वाद्य एका प्रौढ माणसाचं वजन सतत पेलून उभं असतं. पोकळ मँडोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, तबलीला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते. त्यामुळे वरून झाकण घोडीवर टेकलं, तर तो भार थेट पातळ तबलीवर उतरतो. दुसरी कमजोर जागा म्हणजे दांडी आणि डोकं यांचा सांधा. डोकं दांडीच्या रेषेतून मागे झुकलेलं असतं, त्यामुळे त्या जागी लाकडाचे तंतू आखूड कापले जातात. शिवाय आठ खुंट्यांचं धातूचं यंत्र त्याच डोक्यावर बसवलेलं असतं. वाद्य पाठीवर पडलं की पोट थांबतं, पण जड डोकं पुढे जात राहतं आणि सांध्याशी झटका बसतो. बाहेरून ओरखडाही न उमटता आतल्या वाद्याची मान मोडलेली सापडते, ती अशी. यापुढचे धोके सावकाश येणारे: दमटपणा, कोरडेपणा आणि ऊन. भिंतीवर एखादी अणकुचीदार वस्तू आदळून ती आरपार जाणं, हा प्रकार या यादीत अगदी खालचा आहे. गंमत अशी, की केसच्या कठीणपणाची जाहिरात नेमकी याच शेवटच्या प्रकाराच्या भरवशावर चालते.

पडण्याचं गणित मात्र सोपं आहे. एक मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीशी पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळालं, यावर धक्का ठरतो. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागलं, की धक्का वाद्याच्या वजनाच्या किती पट होईल याचा ढोबळ अंदाज मिळतो. एक मीटरवरून पडून पाच मिलिमीटरमध्ये थांबलं तर 200 पट. अडीच सेंटिमीटरमध्ये थांबलं तर 40 पट. वाद्य तेच आणि उंचीही तीच, फक्त दोन सेंटिमीटर जास्त मिळाले आणि धक्का पाचवा हिस्सा झाला. ही गोष्ट माणसाच्या शरीरावरही पडताळलेली आहे. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचं शिक्षण घेताना विमानाच्या अपघातातून बचावलेल्या ह्यू डीहेवन या अमेरिकी संशोधकाने 1942 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 50 ते 150 फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांची त्याने बारकाईने तपासणी केली होती. मऊ माती, वाकणारा पत्रा अशा कशाने तरी त्यांना थांबायला काही इंच दिले होते; धक्का शरीरभर पसरला आणि क्षणभरच टिकला, तर शरीर आपल्या वजनाच्या 200 पट जोरही सोसू शकतं, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे मोटारींच्या सुरक्षिततेबद्दल लिहिताना त्याने माणसाची तुलना खोक्यात बांधून पाठवलेल्या मालाशी केली. आपण तीच तुलना उलट फिरवून मँडोलिनला लावत आहोत.

मालाच्या बांधणीचंही शास्त्र आहे आणि त्याचा पाया रेमंड माइंडलिन यांनी 1945 मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमधल्या लेखात घातला. त्यांच्या मांडणीतून केसबद्दल दोन गोष्टी कळतात. पहिली अशी, की गादी वस्तूच्या वजनाला साजेशी हवी. ए घाटाच्या मँडोलिनची पाठ साधारण 600 चौरस सेंटिमीटर भरते आणि वजन एक किलो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दोन ग्रॅमसुद्धा भार येत नाही. इतका हलका भार कडक फोमला दाबूच शकत नाही. पॅकिंगच्या थर्माकोलचंच बघा. घनमीटरला 20 किलो घनतेचं थर्माकोल थोडं दबायलासुद्धा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जोर लागतो. मँडोलिनची संपूर्ण पाठ अशा थर्माकोलवर टेकलेली असेल, तर ते दबण्याआधी वाद्यावर 600 किलोचा जोर यायला हवा, म्हणजे त्याच्या वजनाच्या 600 पट. तिथपर्यंत वाद्य कशाला टिकेल? याउलट सोफ्यात वापरतात तसला मऊ फोम दर चौरस सेंटिमीटरला 40–50 ग्रॅम जोरावर निम्म्यापर्यंत दबतो, आणि वाद्य तीसेक पट धक्क्यावर सुटतं. अंगठ्याने फोम दाबून पाहण्याची आपली पद्धत इथे फसवते. अंगठ्याच्या चिमूटभर जागेवर आपण सहज दोन किलो जोर देतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला काही शे ग्रॅम. अंगठ्याला लुसलुशीत वाटलेला फोम मँडोलिनच्या पसरट पाठीला फळीसारखा लागू शकतो. फोम कडक असेलच, तर तो पूर्ण पाठीखाली न पसरता अरुंद पट्ट्यांच्या रूपात, पोटाच्या मजबूत कडांखाली द्यावा. टेकण्याची जागा कमी झाली, की तोच फोम कमी जोरावर दबू लागतो.

माइंडलिन यांची दुसरी गोष्ट मँडोलिनला आणखी जवळची आहे. वस्तूला बसणारा धक्का मोजून काम संपत नाही, तिच्या आतल्या लवचीक, पुढे आलेल्या भागांचं काय होतं तेही पाहायला हवं, असं त्यांनी दाखवलं. मँडोलिनमध्ये असा भाग म्हणजे डोकं. म्हणून चांगल्या केसमध्ये दांडीला आधार असतो आणि डोक्याभोवती सगळीकडून मोकळी हवा असते. डोकं आणि खुंट्या फोमला टेकलेल्या असतील, तर केस उभी आपटताच सगळा जोर तिथून वर येतो. पाठही तशीच थोडी अधांतरी हवी. पोटाच्या कडा आणि दांडी यांवर वाद्य झोळीतल्यासारखं तोललेलं असावं, मधली पाठ तळाला टेकू नये. या रचनेला फारसा खर्च येत नाही. फोमचे चार ठोकळे योग्य जागी चिकटवायला जेवढा फोम लागतो, त्याहून जास्त फोम चुकीच्या जागी भरून ठेवलेल्या कितीतरी केस बाजारात असतात.

मग कवच कशाला हवं? एका जागी बसलेला ठोसा सगळीकडे वाटून द्यायला आणि आतलं अंतर टिकवायला. गर्दीत कोणाचा गुडघा बॅगेवर टेकला, तर मऊ फोम त्या एका ठिकाणी पूर्ण चेपतो आणि गुडघा तबलीपर्यंत पोहोचतो. कवच वाकलं नाही, तर तोच जोर सगळ्या पृष्ठभागावर पसरतो. कवच न वाकण्यासाठी ते जड असावं लागत नाही, जाड असावं लागतं. फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. जाडी हवेने वाढवली तर वजन जवळपास तेवढंच राहतं. निवडणुकीच्या फलकांना वापरतात तो पन्हळी प्लास्टिकचा पत्रा हातात घेतला की हे लगेच जाणवतं. दोन पातळ पापुद्रे, मध्ये पोकळ नळ्या आणि तरी पत्रा सहजी वाकत नाही. थर्माकोल हाच प्रकार निराळ्या रूपात देतं. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ स्टास्टनी यांनी 1949 मध्ये ते घडवलं. त्याच्या आकारमानाचा सुमारे 98 टक्के भाग हवा असते. दुचाकीच्या हेल्मेटमध्ये वरच्या कवचाखाली हाच पदार्थ असतो. थर्माकोलचं घडवलेलं कवच, बाहेरून कॅनव्हास, आतून मखमली अस्तर आणि मऊ फोम, कडेने चेन, अशी केस साधारण दीड ते दोन किलोत बसते. प्लायवुडची, रेक्झिन चढवलेली जुन्या पद्धतीची केस तीन-चार किलोंवर जाते आणि फायबरग्लासच्या केसही वजनाने बहुधा तेवढ्याच किंवा जास्त भरतात. एक किलोच्या वाद्याला चार किलोचं ओझं म्हणजे वरातीपेक्षा वाजंत्री जास्त.

वजनाचा मुद्दा वादकाच्या सोयीपुरता आहे, असं म्हणून तो बाजूला सारता येत नाही. जड केस घरी राहते. आठवड्यातून दोनदा शिकवणीला जाणारा विद्यार्थी लोकलमध्ये चार किलोची, कडक, हातातच धरावी लागणारी केस फार दिवस नेत नाही. लवकरच मँडोलिन साध्या कापडी पिशवीतून जाऊ लागतं. केसची गुणवत्ता तिच्या वापरल्या जाण्याशी गुणली, तर घरच्या माळ्यावरच्या उत्तम केसचा गुणाकार शून्य येतो. जी केस पाठीवर दोन पट्ट्यांनी नेता येते, ती हातांना मोकळं ठेवते, म्हणजे ती खाली ठेवण्याचे, कुठेतरी टेकवण्याचे आणि विसरण्याचे प्रसंग कमी होतात. विमानाने जाताना तर वजन थेट नियमांत शिरतं. भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांत हातातल्या सामानाला सर्वसाधारणपणे सात किलोंची मर्यादा असते आणि 55×35×25 सेंटिमीटर हे माप. सात किलोंतले चार केसनेच खाल्ले, वाद्याचा एक, तर उरले दोन. मापाच्या बाबतीत मँडोलिनची केस 55 सेंटिमीटरच्या रेषेत बसत नाही. पण तिन्ही बाजूंची बेरीज 115 सेंटिमीटरच्या आसपास ठेवणारी सुटसुटीत केस डोक्यावरच्या कप्प्यात सहज जाते. म्हणून विमान कंपनीशी आधी बोलून घेताना लहान, हलकी केस असणं हाच वादकाचा मुख्य युक्तिवाद ठरतो. अमेरिकेत 2012 च्या कायद्याने आणि 2015 मध्ये अमलात आलेल्या नियमाने लहान वाद्य केबिनमध्ये नेण्याचा हक्क दिला आहे. चढताना कप्प्यात जागा असली आणि वाद्य तिथे सुरक्षित बसत असलं, तर ते नेऊ द्यावं लागतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांना वाद्य घेऊन जाणाऱ्यांनी हा नियम माहीत करून ठेवावा.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. विमानाच्या पोटात, एसटीच्या टपावर किंवा ट्रकमध्ये वाद्य पाठवायचं झालं, तर त्याच्यावर तीस किलोची सूटकेस येऊन पडेल. तिथे थर्माकोल काय करणार? आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर हलक्या केसच्या बाजूने ओढूनताणून देण्याची गरज नाही. थर्माकोल सरळ दाब बऱ्यापैकी सोसतं, पण झाकणाच्या रुंदीवर मधोमध मोठा भार आला तर ते वाकून तडकतं. फुगीर, कमानदार झाकण सपाट झाकणापेक्षा जास्त तग धरतं, तरीही मालवाहू प्रवासासाठी प्लायवुड किंवा फायबरग्लासच योग्य. मिरजेहून सतार-तंबोरे दूरगावी पाठवताना कोणी नुसत्या गवसणीवर विसंबत नाही, लाकडी खोकं ठोकून घेतात, यामागचा विचार हाच. पण मँडोलिनचं भाग्य असं, की ते सतारीएवढं मोठं नाही. त्याला मालात टाकण्याची वेळ क्वचितच येते आणि ती टाळणं बहुतेकदा आपल्या हातात असतं. वर्षाला एकदा येणाऱ्या प्रसंगासाठी तीनशे दिवस जड केस वागवण्यापेक्षा, त्या एका वेळी हलक्या केसला जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात घालून भोवती चारही बाजूंनी दहाएक सेंटिमीटर कोंबून भरलेला कागद किंवा फोम देणं जास्त शहाणपणाचं. पुन्हा तेच गणित: थांबायला अंतर वाढवलं.

दुसरा आक्षेप असा, की थर्माकोल एकदा जोरात आदळलं की चेपतं आणि पुन्हा फुगत नाही, तर प्लायवुडची केस वीस वर्षं टिकते. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष तपासायला हवा. चेपण्यातच त्याने धक्का गिळलेला असतो. हेल्मेटला जबर मार बसला की ते बदलायचं असतं, आणि त्याबद्दल हेल्मेटला कोणी कमकुवत म्हणत नाही. केसचा कोपरा जमिनीवर आदळून बोटभर आत गेला, तर त्या बोटभर अंतराने आतला धक्का आधीच कमी झालेला असतो. न चेपणारं कवच जोर जसाच्या तसा आतल्या फोमकडे पाठवतं आणि फोम अपुरा असला तर वाद्याकडे. वीस वर्षं टिकलेली केस स्वतः टिकली एवढंच सिद्ध करते. अर्थात थर्माकोलच्या केसची देखभाल करावी लागते. पेट्रोल, थिनर किंवा काही गोंदांच्या संपर्कात ते विरघळतं, त्यामुळे आतला ठोकळा पुन्हा चिकटवायचा असेल तर फेव्हिकॉलसारखा पाण्यात मिसळणारा गोंदच वापरावा. मोठा मार बसला की केसच्या आतून हात फिरवून तडे शोधावेत.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. एकजण म्हणतो, वाद्य महाग आहे तर केसही महागच हवी. दुसरा म्हणतो, काही हजारांच्या वाद्याला केस कशाला, कापडी बॅग पुरे. परदेशी बनावटीच्या फायबरग्लास केसची किंमत हौशी वादकाच्या सबंध मँडोलिनपेक्षा जास्त असते, हे पहिल्याने लक्षात घ्यावं. त्या किमतीत टिकाऊ कवच, चांगल्या कड्या आणि कुलपं येतात, पण आतला बेत आपल्या वाद्याला जुळलेला नसेल तर ती किंमत वाया जाते. दुसऱ्याला सांगावं लागेल ते असं, की स्वस्त मँडोलिनची मानही तितक्याच सहज मोडते आणि दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीशी स्पर्धा करतो. पण त्याच्या बोलण्यात तथ्यही आहे. हातात धरून नेलेली बॅग जमिनीपासून फूटभरच वर असते, आणि तिथून पडलेल्या वाद्याला तीन सेंटिमीटर मऊ फोम खरोखर वाचवतो. बॅगेची उणीव दाबाची आहे, गुडघ्याची आणि दुसऱ्याच्या पिशवीची. ती दूर करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जाड फोमच्या बॅगेत पुढच्या आणि मागच्या बाजूच्या अस्तराखाली पन्हळी प्लास्टिकचा पत्रा मापाने कापून सरकवणं, घोडीच्या वर फोमची चौकट अशी ठेवणं की पत्रा घोडीला कधीच टेकणार नाही, आणि डोक्याखाली जागा मोकळी सोडून दांडीला एक ठोकळा देणं. वजनात जेमतेम दोन-तीनशे ग्रॅमची भर पडते आणि खर्च किरकोळ. अशी बॅग थर्माकोलच्या केसची बरोबरी करत नाही, पण निव्वळ कापडी बॅगेच्या पुष्कळ पुढे जाते. नवं वाद्य शिकणाऱ्याला सुरुवात इथून करता येते.

धक्क्यांइतकाच हवेचा विचार करायला हवा, विशेषतः कोकण, गोवा आणि मुंबई इथे. लाकूड हवेतला दमटपणा शोषतं आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं. उन्हाळ्यातल्या कोरड्या खोलीतून पावसाळ्यातल्या किनाऱ्यावर आलेली 25 सेंटिमीटर रुंदीची, स्प्रूस लाकडाची तबली मोकळी असती, तर दोन-तीन मिलिमीटर रुंदावली असती. पण ती कडांना चिकटवलेली असते, त्यामुळे तिला रुंदावता येत नाही; ती वर उचलली जाते, तारांची उंची बदलते आणि कोरड्या दिवसांत हीच ओढ तडा पाडते. केस दमटपणा रोखत नाही, ती बदल सावकाश करते, आणि लाकडाला सावकाश बदल बरेच चालतात. थर्माकोल उष्णतेचा उत्तम अडसर असल्याने या कामात प्लायवुडपेक्षा मागे नाही. मात्र ओल आत गेली तर फोम आणि मखमल ती धरून ठेवतात, म्हणून पावसात भिजलेली केस उघडी ठेवून पूर्ण वाळवल्याशिवाय वाद्य आत घालू नये. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण रंग बदलल्यावर त्या तापवून पुन्हा कोरड्या केल्या नाहीत तर त्यांचा उपयोग उरत नाही. उन्हाचं मात्र कोणतीच केस फारसं काही करू शकत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान 60 अंशांच्या पुढे जाऊ शकतं, आणि जुन्या वाद्यांत वापरलेली जनावरी सरस त्याच सुमारास सैल पडू लागते. केस हलकी असण्याचा इथेही फायदा आहे: जेवायला उतरताना ती गाडीत न ठेवता खांद्यावर टाकून नेणं जिवावर येत नाही.

एवढं झाल्यावर दुकानात काय बघायचं ते आपोआप ठरतं. शक्यतो वाद्य सोबत न्यावं, कारण मापाच्या आकड्यांत घोडीची उंची आणि डोक्याचा झुकाव धड दिसत नाही. वाद्य आत ठेवून डोक्याखाली बोट फिरवावं. बोट सगळीकडून मोकळं फिरलं पाहिजे. पाठीच्या मधोमध खाली कागदाची पट्टी सरकवून ती अडकते का पाहावं. घोडीवर मऊ कणकेची लहान गोळी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी आणि झाकण हलकेच लावावं. गोळी चेपली, तर झाकण घोडीच्या फार जवळ आहे. मग केस बंद करून कानाशी धरून हळूच हलवावी; आत काही सरकल्याचा आवाज आला, तर कवच कितीही चांगलं असलं तरी बेत चुकला आहे, आणि तो फोमच्या पट्ट्यांनी दुरुस्त होण्यासारखा आहे का ते बघावं. शेवटी पट्ट्यांची शिवण आणि मूठ ओढून पाहावी. उंचावरून पडण्याची वेळ बहुधा आणते ती उसवलेली शिवण, आणि पाठीवरची केस हातातल्या केसपेक्षा दुप्पट उंचीवरून पडते. या पाहणीत भिंतीवर टकटक करण्याची पाळी सगळ्यात शेवटी येते.

जुन्या गवसणीकडे परत बघितलं तर हा सगळा हिशोब तिच्यात कच्च्या रूपात सापडतो. ती शिवणाऱ्याने तंबोऱ्याचं माप घेतलेलं असे, भोपळ्याला आणि दांडीला वेगळी जागा दिलेली असे, आणि कापडाच्या दोन थरांमध्ये कापूस घातलेला असे, म्हणजे बहुतांश हवा. तिच्यात नव्हतं ते फक्त ताठ कवच, आणि आज ते काहीशे ग्रॅमच्या थर्माकोलमध्ये मिळतं. मँडोलिनसाठी केस शोधणाऱ्याने शिंप्याचाच क्रम पाळावा: आधी वाद्याचं माप, मग आतली मोकळी जागा, मग भिंत आणि सगळ्यात शेवटी किमतीची चिठ्ठी.